लांजेवार बाबूंची रॅक

परवा लांजेवार बाबूंची गाडी पाहायला बालाघाटकडचं एक गिऱ्हाईक आलं होतं. त्यांच्या बायकोने, निर्मलाने, मला भिंतीवरून हाक मारून बोलावून घेतलं. समोरचा माणूस खरं बोलतो की थापा मारतो हे चेहऱ्यावरून ओळखायचं काम आता तिने माझ्याकडे दिलंय. गिऱ्हाइकाने बोनट उघडून पाहिलं, टायरला लाथ मारून पाहिली, मग मागे गेला आणि तिथेच थबकला.

"ये पीछे क्या लगा रखा है, अम्माजी?"

"रॅक है," मी म्हटलं. "साइकिल की."

"इसको तो निकालना पड़ेगा."

"निकालो ना," निर्मला ओसरीतल्या खुर्चीवरून म्हणाली. "निकला तो तुम्हारा, नहीं निकला तो भी तुम्हारा."

त्याने हलवून पाहिलं, गुडघे टेकून गाडीखाली डोकावून पाहिलं. लोखंड जागचं हललं नाही. उठला, हात झटकले आणि "सोच के बताता हूँ" म्हणून निघून गेला. आम्ही दोघी हसलो. मग मी घरी आले, भाजी चिरायला बसले, आणि मला एकाएकी असा राग आला की सुरी बाजूला ठेवून दिली. जगातून गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण मी लांजेवार बाबूंवर अजून रागावलेली आहे. आणि माझं असं आहे की ज्याच्यावर राग आहे त्याच्याबद्दलच मला लिहावंसं वाटतं. चांगली माणसं काय, आठवतात आणि विसरतात.

लांजेवार बाबू गोंदियाजवळच्या कुडव्यात आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते म्हणून सगळे त्यांना बाबू म्हणत. मी भाऊ म्हणायची. उंच, काटकुळे, मान किंचित पुढे काढलेली. रिटायर झाल्यावरही सकाळी दाढी करून, शर्ट पँटीत खोचून, पॉलिश केलेले बूट घालून ओसरीत बसायचे. कुठे निघालात विचारलं तर म्हणायचे, "कुठंच नाही. पन तयार असावं."

या माणसाला एक खोड होती. दिसेल ती गोष्ट ओढून पाहायची. फाटकाची कडी लावली की ओढून पाहणार. कुलूप लावलं की ओढणार, चार पावलं जाणार, परत येऊन पुन्हा ओढणार. गॅसच्या नळीपासून कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत घरातलं काही सुटलं नव्हतं. आमच्याकडे चहाला आले तर कपाचा कान ओढून पाहून मग कप उचलायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, कप नवा आहे." तर म्हणाले, "नव्याचंच तं भेव हाय. जुना असता तं आतापर्यंत तुटून गेला असता."

मालगाडीचे डबे एकमेकांना जोडतात त्या आकड्याला रेल्वेत कपलिंग म्हणतात. आयुष्यभर त्या कपलिंगांच्या आवाजात बसून त्यांना हे शहाणपण आलं होतं, असं ते स्वतःच सांगायचे. "लागलं दिसते. पन ओढून पायलं का?" हे त्यांचं वाक्य. गल्लीतली माणसं त्यांच्या पाठीमागे एकमेकांना हेच म्हणून हसायची.

आमच्या गल्लीत एक लग्न होतं. मंडप घातला, झालरी लावल्या, स्वयंपाक्यांनी चुली पेटवल्या. लांजेवार बाबू बूट घालून आले, मंडपाच्या कोपऱ्यावर गेले आणि दोर ओढून पाहिला. पूर्ण कोपरा खाली आला. झालर वरणात. नवरीचा मामा अंगावर धावून गेला, "बाबू, तुमाले कोनी सांगतलं होतं?" लांजेवार बाबू अगदी शांत. "बरं झालं ना. आता पडला. लोक जेवाले बसल्यावर पडला असता तं?" खरं सांगते, बरोबर बोलत होते ते. पण वरण तर गेलंच ना!

निर्मलाला विचारलं, तुला नाही का गं याचा कंटाळा येत? तर म्हणाली, "बाई, आमच्या लग्नात उपरण्याची गाठ बांधली ना, तं यानं तीबी ओढून पायली. माझी माय म्हने, पोरगा पक्का हाय." आणि मग हसून म्हणाली, "पक्काच हाय. कुठं हलते?"

निर्मला माझ्याहून लहान. मला बाई म्हणते, म्हणजे आमच्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. ती अंगणवाडीत शिकवायची, नागऱ्याला. कुडव्याहून नागऱ्याला रोज सायकलने जाणं-येणं. पावसात छत्री हँडलला अडकवून, उन्हात पदर डोक्याला गुंडाळून. तिची ती लेडीज सायकल, निळ्या रंगाची, मागे कॅरिअरला पोरांसाठीचा खाऊ बांधलेला, सगळ्या गावाच्या ओळखीची होती. तिचं माहेर नवेगावच्या तलावाखालच्या एका खेड्यात. तिथे तलावाची लांबच लांब पाळ, म्हणजे मातीचा बांध आहे, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली धानाच्या बांध्या. शाळेत असताना ती आणि तिची बहीण एका सायकलीवर त्या पाळीवरून जायच्या. ही गोष्ट तिने मला इतक्यांदा सांगितली आहे की पाळीवरचा वारा मला माझ्याच तोंडावर लागल्यासारखा वाटतो.

मग तिच्या डोळ्यांचं निघालं. वाढताना ताटाच्या बाहेर वरण सांडायला लागली, टेबलाच्या काठावर पेला ठेवायला लागली. बाजूने कोणी आलं की दचकायची. "भूत आल्यावानी वाटते, बाई. नसते, नसते, अन् एकदम असते." नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसेल, बाजूचं दिसणं हळूहळू जाईल, गेलेलं परत येणार नाही. थेंब टाकत राहा. किती दिवस? ते सांगता येत नाही.

निर्मला रडली वगैरे नाही. घरी आली, थेंब टाकले आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "मले एकदा पाळीवर सायकल चालवाची हाय. दिसून राहिलं तवरीक." त्या वेळी मी तिथेच होते. मुगाच्या वड्या घालायला गेले होते.

लांजेवार बाबूंनी मान हलवली. "जाऊ," म्हणाले. "पन सायकल तुयीच पाहिजे, सवयीची. मीबी येतो संगं, म्हंजे दोन सायकली. आता दोन सायकली नेऊन कशा?"

झालं. इथून सुरू झालं ते.

मी म्हटलं, "भाऊ, टेम्पोत टाका ना. सकाळी निघाल, संध्याकाळी घरी."

"टेम्पोत सायकल आडवी पडते, बाई. आऱ्यांले मार बसते. अन् आज टेम्पो मांगाचा, उद्या पुन्हा जावाचं म्हटलं तं पुन्हा मांगाचा? एकदाच करू. पक्कं करू."

त्यांच्याकडे छोटी गाडी होती, रिटायर झाल्यावर घेतलेली. त्या गाडीला सायकली अडकवायची रॅक लावायची असं ठरलं. आता ही रॅक काही आमच्या गोंदियात रस्त्यावर दिसणारी वस्तू नाही. आमच्या गोंदियात रॅक म्हटलं की एकच, खताची. मालधक्क्यावर खताची मालगाडी लागली की सगळ्या तालुक्यात बातमी जाते, रॅक लागली, रॅक लागली. दिवस रोवण्यांचे, म्हणजे धान लावायचे होते, युरियासाठी लोक वणवण फिरत होते. आणि लांजेवार बाबू, मालधक्क्यावरचे जुने कारकून, भेटेल त्याला सांगत होते, "रॅक पाहून राहिलो."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या फाटकाशी शेतकरी यायला लागले. "बाबू, रॅक कवा लागून राहिली जी?"

"खताची नाही गा. सायकलची रॅक."

"सायकलची? सायकली भरून रॅक येऊन राहिली? सरकार वाटून राहिलं का?"

"अरे बाप्पा, तसं नाही..."

पण तोपर्यंत तो माणूस सायकल फिरवून निघूनही गेला होता. दोन दिवसांनी बायका आल्या, आधार कार्ड घेऊन. सायकलीसाठी नाव कुठे द्यायचं म्हणत होत्या. एक आजी तर फाटकातून हलायला तयार नव्हती. "माझ्या नातीचं नाव आंधी घे बाबू, थे दोन कोस पायी जाते." लांजेवार बाबू घामाघूम. निर्मला आतून ओरडली, "घ्या ना नाव! खताची रॅक आनली, सायकलीची नाही आनता येत?" त्यानंतर बरेच दिवस कोणी भेटलं की त्यांना विचारायचं, बाबू, आमची सायकल कुठपर्यंत आली?

तरी मी हसत होते तेव्हा. वाटलं, महिन्याभरात होईल.

लांजेवार बाबू सकाळी फोन घेऊन बसायचे आणि परदेशातल्या माणसांचे रॅक लावतानाचे व्हिडिओ पाहायचे. मग आमच्या घरी येऊन मला शिकवायचे. मला! मी आयुष्यात सायकलवर बसले नाही. पण ऐकून ऐकून मला पाठ झालं. एक रॅक टपावरची. सायकली गाडीच्या डोक्यावर उभ्या राहतात. पण एवढ्या उंच सायकल उचलायची कोणी? बाबूंचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. शिवाय घरी आल्यावर डोक्यावरच्या सायकली विसरून माणूस गाडी पोर्चमध्ये घालणार आणि छत पाडणार. बाद. दुसरी पट्ट्यांची. डिक्कीच्या दाराला पट्टे आणि हुक अडकवायचे, त्यावर सायकली टांगायच्या. ती एका ओळखीच्याने नागपूरहून आणूनही दिली. बाबूंनी लावली आणि ओढून पाहिली. डिक्कीच्या वरच्या प्लास्टिकला बारीकशी चीर गेली. बाद. "पायलं? रस्त्यात गेली असती."

तिसरी हिचवरची. हिच म्हणजे गाडीच्या पोटाखाली, चेसिसला बोल्टांनी कसलेला एक लोखंडी दांडा. त्याचं चौकोनी तोंड बंपरखालून मागे निघतं, त्या तोंडात रॅक खोचायची. ही गोष्ट सांगताना बाबूंचा आवाज बदलायचा. "कपलिंगच हाय, बाई. लोकायच्या गाडीची कपलिंग." तेव्हाच मला कळायला हवं होतं की आता हा माणूस गेला कामातून.

गोंदियाच्या बाजारात गाडीच्या सामानाच्या दुकानात मी त्यांच्यासोबत होते, मला वायपर घ्यायचे होते. बाबू काउंटरवर म्हणाले, "हिच पाहिजे."

दुकानदाराचं लक्ष फोनमध्ये. "हिचकी? मेडिकल बाजू में है, चाचा."

आतून मराठी नोकर आला. "काय पाहिजे बाबूजी?"

"हिच."

"हीच? कोणती हीच?" तो इकडेतिकडे पाहायला लागला. काउंटरवर माझे वायपर होते, ते उचलून म्हणाला, "हीच का?"

"ही नाही रे, हिच!"

"ही नाही तं कोणती? बोट दाखवा ना जी."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. आत बराच वेळ हीच, ही नाही, हीच, चाललं होतं. शेवटी बाबू बाहेर आले, तोंड लाल झालेलं. "गोंदियाले काही समजत नाही," म्हणाले.

छोट्या गाडीला हिच तयार मिळत नाही, हे त्यांना पुढच्या कितीतरी फोनांनंतर समजलं. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये गेले. त्या मिस्त्रीने आयुष्यात धानाची पोती ओढणाऱ्या ट्रॉल्याच जोडलेल्या. त्याने तशीच हिच करून दिली, हत्तीला बांधावी अशी. गाडी घरी आली ती मागून खाली बसून, पुढून तोंड वर करून, परसाकडे बसल्यासारखी. समोरच्या घरातल्यांनी संध्याकाळी तक्रार केली की दिवे थेट त्यांच्या देवघरात पडतात. ती काढली. दुसरी, हलकी केली. ती गाडीच्या सायलेन्सरला लागायला लागली. काढली. मग तिसरी. प्रत्येक वेळी मधे दिवस जात होते, आठवडे जात होते, मिस्त्रीच्या घरी लग्न निघत होतं, कधी बोल्ट रायपूरहून यायचे होते.

आणि या सगळ्यात निर्मलाची पोंगळी बारीक होत चालली होती. पोंगळी हा तिचा शब्द. कागदाच्या नळीतून पाहिल्यासारखं दिसतं म्हणायची. कुडव्याच्या रस्त्यावर बाजूने मोटारसायकली घुसतात, त्या दिसेनात म्हणून तिने सायकल चालवणं बंद केलं. सायकल पोर्चमध्ये उभी. बाबू रोज सकाळी तिची चेन पुसायचे, हवा पाहायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "निर्मला, तू बोलत का नाहीस? बस झालं म्हण, टेम्पो सांग म्हण."

ती मेथी निवडत होती, एकेक काडी अगदी डोळ्यांसमोर धरून. "डोळ्याचं त्याइच्या हाती काही नाही ना, बाई," ती म्हणाली. "रॅक तरी हाय."

त्याच सुमारास एका दुपारी मी गच्चीवर पापड उलटवत होते. खाली लांजेवार बाबू फाटकाशी एकटेच उभे होते. वर्तमानपत्राची सुरळी करून एका डोळ्याला लावलेली, दुसरा डोळा मिटलेला. तसेच ते गल्लीतून चालत होते, आमच्या भिंतीपर्यंत. भिंतीवर खांदा आदळला. वर पाहिलं, तर मी. सुरळी खाली घेतली. "काही नाही," म्हणाले. "बोल्टची लाइन पाहून राहिलो." रस्त्यात कुठला आला बोल्ट? पण त्या दिवशी त्यांच्यावर रागावणं मला जमेना, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

शेवटी हिच बसली. खरोखरच बसली. रॅकही आली, तिच्या दोन लांब लोखंडी हातांवर सायकली टांगायच्या. बाबूंनी गल्लीला बोलावलं. नारळ फोडला. आपली सायकल उचलली, तिचा दांडा, म्हणजे सीटपासून हँडलपर्यंत जातो तो आडवा पाइप, रॅकच्या हातांवर ठेवला, क्लिपा लावल्या, ओढून पाहिलं. गाडी हलली, सायकल हलली नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी निर्मलाची सायकल उचलली. आणि उचलून तसेच उभे राहिले.

लेडीज सायकल. तिला दांडा नसतो.

बाबू सायकल इकडून धरत होते, तिकडून धरत होते, उलटी करून पाहत होते. टांगायला जागाच नव्हती. निर्मला दारात उभी होती. तिला वाटलं झालं असेल. "लागली का?"

मीच म्हटलं, "तुझ्या सायकलीला दांडा नाही."

"मग? ते आता समजलं त्याइले?" ती म्हणाली. "रोज तं पुसून राहिले."

मी आधी सांगितलं ना की मला राग येतो, तो हा. त्या माणसाने गाडीची चेसिस मोजली, बोल्टांचे आटे मोजले, आणि जिच्यासाठी हे चाललं होतं तिच्या सायकलीकडे एकदाही बायकोची सायकल म्हणून पाहिलं नाही. मापं सगळी आपल्या सायकलीची घेतली. मी तोंडावर बोलले त्यांना. "भाऊ, दोन सायकली, दोन सायकली म्हणत होता, तुमच्या हिशोबात एकच होती." त्यांनी सायकल खाली ठेवली, आत गेले, त्या दिवशी ओसरीतसुद्धा आले नाहीत.

मग लेडीज सायकलीला अडकवायचा खोटा दांडा मिळतो, हे व्हिडिओत सापडलं. तो मागवला. तो यायला वेळ. आला तो आखूड. परत पाठवला. हे सगळं मी आता लिहीत नाही, माझाच हात दुखतो.

निघालो तेव्हा धान कापून झालं होतं, शेतात पुंजणे रचून ठेवले होते. बाबू गाडी चालवत होते, निर्मला शेजारी, मी मागे, आणि माझ्या मागे काचेबाहेर दोन सायकली. माणूस अर्धा तास नीट गाडी चालवेल तर शपथ. गोरेगावला थांबले, उतरून सायकली ओढून पाहिल्या. कोहमाऱ्याला थांबले. सौंदडला फाटक लागलं होतं, तिथे उतरले तर मागचे ट्रकवाले ओरडायला लागले, "चाचा, बेचना है क्या? ले लेंगे!" निर्मला खिडकीतून समोर पाहत होती. "पोहचू का आपन, बाई?" मला म्हणाली. "का इथंच चालवू?"

पोचलो. पाळीच्या सुरुवातीला गाडी लावली. पाणी असं पसरलेलं, की मला वाटलं बरं झालं आले. पाण्यावरून वारा येत होता. पाळ सरळ, रिकामी, लांबवर जाऊन एका झाडाशी वळलेली. निर्मला उतरली आणि पदर खोचून उभीच राहिली. पायातल्या चपला काढून गाडीत ठेवल्या. बाबू मागे गेले. रॅकला कुलूप होतं, चोरांसाठी. खास पाहून घेतलेलं.

त्यांनी शर्टाचा खिसा पाहिला. पँटीचे खिसे पाहिले. गाडीत पाहिलं, सीटखाली पाहिलं, माझी पिशवी पाहिली. मग पुन्हा शर्टाचा खिसा. मला कळलं. निर्मलालाही कळलं असावं. सकाळी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, पाण्याची मोटर बंद आहे का पाहायला घरात गेले, आणि सवयीने चाबी खिळ्याला लावून आले.

"तोडा," निर्मला म्हणाली.

"तुटत नाही थे. मी पाहूनच घेतलं."

"मंग?"

"मी वापस जातो. चाबी आनतो. तुमी दोघी बसा इथं सावलीत."

"गोंदियाले जाऊन येवाचं? तवरीक ऊन्ह चढते. उन्हात मले काही सुधरत नाही, तुमाले मालूम हाय."

"मंग काय करू, सांग? काय करू मी?" आवाज चढला होता त्यांचा. त्यांनी रॅकला दोन्ही हातांनी धरून असं हिसडलं की पूर्ण गाडी हलली. एक क्लिप तुटली नाही, एक बोल्ट ढिला झाला नाही. सगळं कसं पक्कं.

निर्मला अगदी हळू बोलली. "मले रॅक नोको होती जी."

"त्याच्यासाठीच तं..."

"नाही. मले पाळीवर सायकल चालवाची होती. रॅक तुमाले पाहिजे होती."

बाबूंनी हात खाली सोडले. मी पाण्याकडे पाहायला लागले, दुसरं काय करणार? तेवढ्यात पाळीवरून एक बाई सायकलने आली, शेतावर निघालेली, कॅरिअरला डबा आणि विळा. आम्हाला पाहून पाय टेकून थांबली.

"काय जी, गाडी बंद पडली का?"

"बंद नाही पडली," निर्मला पुढे होत म्हणाली. "बाई, तुयी सायकल दे वं जरा. थ्या झाडापर्यंत जातो अन् येतो."

त्या बाईने ना नाव विचारलं ना गाव. डबा आणि विळा काढून घेतला आणि "घ्या ना" म्हणून सायकल पुढे केली. निर्मलाने हँडल चाचपलं, सीटवर बसली, एकदा डगमगली आणि गेली. इतकं सोपं होतं ते. इतकं सोपं!

"निर्मला, थांब, पाहू दे मले..." बाबूंचं वाक्य तोंडातच राहिलं.

"बिरेक नाही जी तिले," ती बाई म्हणाली.

"काय?"

"बिरेक. पायानं थांबवा लागते."

मग लांजेवार बाबू पळाले. त्या पॉलिशच्या बुटांनी, खोचलेला शर्ट बाहेर आलेला, हर्नियाचं पोट एका हाताने धरून. "निर्मला, ब्रेक नाही! पाय टेक! ब्रेक नाही!" वारा समोरून होता, तिला काय ऐकू गेलं देव जाणे. ते पळत पळत तिच्या बाजूला पोचलेसुद्धा, हातभर अंतरावर, पण तिला बाजूचं दिसत नव्हतं. ती समोर पाहत होती. तिथे पाळ होती, आणि पाणी.

त्यानंतर बाबू किती दिवस होते, काय झालं, ते सगळं मला माहीत आहे. शेवटचं मी त्यांना दवाखान्यातही पाहिलं. पण ते पाहिल्यात मी धरत नाही. मी धरते ते हे, पाळीवरचं. झाड आलं. तिथून ती परत फिरणार होती, तसं म्हणाली होती. ती फिरली नाही. झाडाजवळून वळली आणि तशीच पुढे गेली. लांजेवार बाबू झाडाशी थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. मला वाटलं आता बसतील.

"ते काऊन पळून राहिले जी?" डबा काखेत धरून ती बाई मला विचारत होती. "बाई तं मजेत चालली."

मी उत्तर देईपर्यंत ते पुन्हा पळायला लागले होते.